सूत्र आले, दृष्टान्त राहिला

मराठी साहित्यसमीक्षा हल्ली दोन प्रकारची माणसे वाचतात. एक, ज्यांना ती लिहायची असते. आणि दुसरी, ज्यांना तिच्यावर परीक्षा द्यायची असते. कादंबरी आवडली, पण ती का आवडली हे कुणीतरी नीट उलगडून सांगावे, म्हणून समीक्षा उघडणारा एक तिसरा वाचक पूर्वी होता. बँकेत नोकरी करणारा, शाळेत शिकवणारा, रात्री जेवणानंतर मासिक घेऊन बसणारा. तो कुठे गेला?

तो का गेला हे कळावे म्हणून एक वाक्य देते. वाक्य मीच बनवले आहे, पण या जातीची वाक्ये ज्यांनी वाचली आहेत त्यांना ते ओळखीचे वाटेल : "संहितेच्या चिन्हव्यवस्थेतील अनुपस्थितीचे विस्थापन वाचकाच्या कर्तेपणाला समस्याग्रस्त करते." आता हेच सातवीच्या वर्गात सांगायचे झाले तर मी असे सांगेन : गोष्टीत जे सांगायचे टाळलेले असते त्याचाही आपल्यावर परिणाम होतो, आणि मग प्रश्न पडतो की गोष्ट आपण वाचतो आहोत, की गोष्ट आपल्याला हवे तसे वाचायला लावते आहे? विचार चांगला आहे. सातवीच्या मुलांनाही तो पटेल, चार मुले उदाहरणेही देतील. मग तो असा कडीकुलपात का ठेवायचा?

याचे खापर सहसा फ्रान्सवर फोडले जाते. तिकडून संरचनावाद आला, विरचना आली, उत्तर-आधुनिकता आली आणि आमची मराठी बिघडली, असे म्हणायची पद्धत आहे. मला हे अर्धेच खरे वाटते. उरलेले अर्धे आपल्या घरचे आहे, आणि ते फार जुने आहे.

आधी फ्रान्सचे पाहू. या साऱ्या विचाराचा मूळपुरुष सोस्यूर हा स्वित्झर्लंडचा, जिनिव्हाचा. तो संस्कृतचा गाढा अभ्यासक होता; त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध संस्कृतातल्या षष्ठीच्या एका प्रयोगावर होता. ज्या पुस्तकामुळे तो जगभर गाजला ते त्याने स्वतः लिहिलेच नाही. त्याच्या मृत्यूनंतर १९१६ साली विद्यार्थ्यांच्या वह्यांमधल्या टिपणांवरून ते तयार झाले. म्हणजे हे पुस्तक मुळात वर्गात बोललेले आहे! शब्द आणि वस्तू यांचे नाते निसर्गाने ठरवलेले नाही, ते आपण सर्वांनी मिळून मानलेले आहे, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. झाडाला झाडच का म्हणायचे, याला दुसरे काही कारण नाही. कानडी माणूस 'मर' म्हणतो आणि त्याचे काही अडत नाही. आपल्याकडे मात्र कुणाला 'मर' म्हणून पाहा.

मग १९५७ मध्ये रोलाँ बार्थचे छोट्या लेखांचे एक पुस्तक आले. कुस्तीचे फड, कपडे धुण्याची पावडर, जेवणातले मांस अशा रोजच्या गोष्टींवर त्याने लिहिले, आणि त्या गोष्टी आपल्याला न सांगता काय काय शिकवतात ते दाखवले. हे लेखन मुळीच दुर्बोध नाही. मिशेल फुकोचे १९७५ चे शिक्षा आणि तुरुंग यांवरचे पुस्तकही तसेच. पूर्वी गुन्हेगाराला भर चौकात देहदंड देत. नंतर त्याच्यावर वेळापत्रक, पाहणी आणि नोंदवही यांचे राज्य आले, आणि तीच पद्धत बराकीत, कारखान्यात, इस्पितळात, शाळेत शिरली, असे तो म्हणतो. मी अनेक वर्षे शाळेच्या घंटेवर जगले. ओळीने बाक, हजेरीपट, तपासणी, प्रगतिपुस्तकातला शेरा हे सारे माझ्या हातून झालेले आहे. ठाण्याच्या जुन्या किल्ल्यातले कारागृह खोपटपासून फार लांब नाही. तिथेही घंटा आहे, हजेरी आहे, रांग आहे. फुको समजावून सांगायला मला एवढे पुरते.

अवघड झाला तो पुढचा प्रवास. १९६७ साली देरिदाचे लेखनविद्येवरचे मोठे पुस्तक आले. त्याने फ्रेंचमधल्या एका शब्दात 'ई' ऐवजी 'ए' हे अक्षर घातले. दोन्हींचा उच्चार एकच, फरक दिसतो तो फक्त लिहिल्यावर. त्या एका शब्दात त्याला दोन अर्थ एकत्र हवे होते : वेगळे असणे आणि पुढे ढकलणे. कल्पना समजायला शब्दकोश पुरतो. एखाद्या शब्दाचा अर्थ पाहायला जावे तर तिथे दुसरा शब्द मिळतो. त्याचा अर्थ पाहावा तर तिसरा. अर्थ सारखा पुढच्या पानावर. पण ही कोटी फ्रेंच अक्षरांवर उभी आहे. १९७६ मध्ये गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी त्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले, त्याला जाडजूड प्रस्तावना जोडली, आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांमधून ही भाषा जगभर गेली. मराठीत हे विचार बहुतांशी त्या इंग्रजीतून आले. फ्रेंचमधून इंग्रजीत, इंग्रजीतून संस्कृतप्रचुर मराठीत. तीन घरे फिरून आलेली साखर आपल्या वाटीत पडेपर्यंत किती उरणार?

तिकडेही लोक वैतागले होतेच. अॅलन सोकल नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने मुद्दाम अर्थशून्य विधाने पेरलेला, पण भारदस्त परिभाषेने नटलेला एक लेख एका नामांकित नियतकालिकाला पाठवला. तो १९९६ साली छापून आला. मग त्याने जाहीर केले की ती थट्टा होती. त्याच सुमारास एका तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकाने वाईट लेखनाची स्पर्धाच भरवली. १९९८ मध्ये तिच्यात पहिला क्रमांक ज्युडिथ बटलर यांच्या वाक्याला मिळाला आणि दुसरा होमी भाभा यांच्या. हे भाभा आपल्या मुंबईचे, एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी! (अणुशास्त्रज्ञ भाभा वेगळे.) सोकलच्या थट्टेने सारा फ्रेंच विचार खोटा ठरला असे मी मानत नाही. तिने सिद्ध झाले ते एवढेच, की छापणाऱ्यांपैकी कुणीही "मला हे कळले नाही" असे म्हणाले नाही. आणि माझ्या मते रोगाचे मूळ तिथेच आहे.

आता आपल्या घरचा इतिहास.

राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथपंडितांकडून 'राजव्यवहारकोश' करून घेतला. राज्यकारभारात रुळलेल्या सुमारे चौदाशे फारसी, अरबी, दखनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. अष्टप्रधानांची नावेही बदलली. पेशव्याचा मुख्यप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. हेतू स्वच्छ होता : राज्य आपले, तर त्याची भाषाही आपली. पण पुढे काय झाले पाहा. 'अमात्य' आणि 'सचिव' टिकले, 'सेनापती' तर घरोघर पोचला. 'मुख्यप्रधान' मात्र शिक्क्यावर राहिला आणि लोकांच्या तोंडी 'पेशवा'च राहिला, इतका की पुढच्या शतकाला आपण 'पेशवाई' म्हणतो. कोश राजाचा असला तरी निवड लोक करतात.

दुसरा प्रयोग विसाव्या शतकातला. सावरकरांनी रत्नागिरीत असताना भाषाशुद्धीची मोहीम चालवली. त्यांच्या शब्दांची तेव्हा टिंगल झाली. पण 'महापौर' हा त्यांचाच शब्द. १९८२ मध्ये ठाण्यात महानगरपालिका झाली आणि पुढे शहराला महापौर मिळाले, तेव्हा तो शब्द कुणालाही अवघड वाटला नाही.

तिसरा प्रयोग सरकारी. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ मध्ये त्याचा 'पदनाम कोश' आला. आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून टाकले. १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला आणि कचेऱ्यांमधून हे शब्द फिरू लागले. त्यांतले अधीक्षक, अभियंता, आयुक्त, संचालक आज कुणाला खटकतात? ते रुळले, कारण त्या पदावर बसलेला माणूस लोकांना दिसत होता. पण 'अनुज्ञप्ती' आजही कचेरीच्या बाहेर आली की तिचा 'परवाना' होतो. 'नस्ती'ची फाईल होते. जमिनीच्या कागदाचे नाव 'अधिकार अभिलेख' असले तरी शेतकरी मागतो तो सातबाराच.

आमच्या खोपटला एसटीचे स्थानक आहे. तिथे हे रोज पाहायला मिळते. पाटीवर 'आगार', बोलताना 'डेपो'. पाटीवर 'वाहक' आणि 'चालक', तोंडात 'कंडक्टर' आणि 'ड्रायव्हर'. पण 'विनाथांबा' हा शब्द सगळ्यांनी उचलला, कारण तो ऐकताक्षणी कळतो आणि आपली सोय सांगतो. नवा शब्द जगायला एवढेच लागते. तो संस्कृत आहे की फारसी, याच्याशी प्रवाशाला कर्तव्य नसते.

इथे एक खुलासा केला पाहिजे. मी परिभाषेच्या विरुद्ध नाही. जन्मभर व्याकरण शिकवलेल्या बाईने तसे म्हणणे शोभणारही नाही. कर्मणी प्रयोग, बहुव्रीही समास हे शब्द काढून घेतले तर मराठीचा तास चालणार नाही. गणितातल्या 'लघुतम सामायिक विभाज्य' या भारदस्त शब्दसमूहाचा मुलांनी आणि मास्तरांनी मिळून 'लसावि' केला, आणि आता तो आडनावासारखा सोपा झाला आहे.

मी बी.ए. मराठी माध्यमातून केले. १९७० च्या सुमाराला विद्यापीठाच्या पातळीवरची पुस्तके मराठीत यावीत म्हणून सरकारने नागपूरला ग्रंथनिर्मिती मंडळ स्थापन केले होते, आणि पाठ्यपुस्तकांमधून नव्या पारिभाषिक शब्दांचा पाऊस पडत होता. अर्थशास्त्रात 'घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त' होता. नाव ऐकूनच घाम फुटे. पण सरांनी पेढ्यांचे उदाहरण दिले : भुकेल्या माणसाला पहिला पेढा अमृत, तिसरा बरा, दहावा नकोसा. झाले. सिद्धान्ताचे नाव तितकेच लांब राहिले, पण आता त्याच्या आत पेढा होता.

माझी कसोटी यातून आली आहे. खरा पारिभाषिक शब्द लांबलचक बोलणे आखूड करतो. पोकळ शब्द आखूड बोलणे लांबलचक करतो. आणि खऱ्या शब्दाला "म्हणजे काय?" असे विचारले की त्याच्या आतून पेढा निघतो. पोकळ शब्दाच्या आतून दुसरा शब्द निघतो. (देरिदाला हे कदाचित आवडले असते!)

या कसोटीवर मराठी समीक्षेचा इतिहास पाहण्यासारखा आहे. मर्ढेकरांनी १९४१ मध्ये 'वाङ्मयीन महात्मता' लिहिले आणि १९५५ मध्ये 'सौंदर्य आणि साहित्य'. 'भावनानिष्ठ समतानता' हा त्यांचा शब्द. संवाद, विरोध आणि समतोल हे त्यांचे लयीचे नियम. सोपे होते का? मुळीच नाही. पण त्यांवर मराठीत पुढे अनेक वर्षे वाद झाला. प्रभाकर पाध्ये, रा. भा. पाटणकर यांच्यासारख्यांनी ते शब्द उलटेपालटे करून तपासले, चुका काढल्या. पाटणकरांचे 'सौंदर्यमीमांसा' १९७४ चे. हे पुस्तक जड आहे, पण त्यात लेखक वाचकाचा हात सोडत नाही : हे विधान, ही शंका, हे उत्तर, आता पुढे चला.

दुसरे असे की तेव्हा समीक्षा आणि कथा एकाच अंकात छापून येत. 'सत्यकथे'त कथा वाचायला आलेला माणूस शेजारचा समीक्षालेखही चाळत असे, आणि समीक्षकाला हे ठाऊक असे. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद पडले. गंगाधर पाटील यांचे 'समीक्षेची नवी रूपे' १९८१ चे. म्हणजे ज्या सुमाराला संरचनावाद आणि चिन्हमीमांसा मराठीत रुजू लागली, त्याच सुमाराला सामान्य वाचक आणि समीक्षक यांची रोजची भेट थांबली. नवा पाहुणा आला आणि ओटीवर कुणी नव्हते. तो थेट विद्यापीठाच्या चर्चासत्रात गेला आणि तिथलाच झाला.

पाहुण्याची नीट ओळख करून देणारे होते, हेही सांगितले पाहिजे. अशोक केळकर भाषाविज्ञानातले मोठे नाव. त्यांचे लिहिणे घट्ट विणीचे, एका बैठकीत न संपणारे, पण शब्द न् शब्द तोलून घेतलेला. 'रुजुवात'ला २०१० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मिलिंद मालशे आणि अशोक जोशी यांनी 'आधुनिक समीक्षा-सिद्धान्त' मध्ये पाश्चात्य विचारांची शिस्तीत मांडणी केली. भालचंद्र नेमाड्यांनी तर भांडणच उकरून काढले आणि देशीवाद मांडला. त्यांच्याशी पटो न पटो, ते काय म्हणतात ते कळते. कळते म्हणूनच त्यांच्याशी भांडता येते.

पण अशांच्या मागून आलेल्या पुष्कळांनी विचार सोडून शब्द तेवढे उचलले. त्यात २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी शोधनिबंधांना गुण लावले. निबंध कुणी वाचला याला गुण नव्हते, छापून आला याला होते. मग वाचकाची चिंता कोण करणार? बढतीसाठी लिहिलेल्या मजकुराला अवघड शब्दांचा फार उपयोग होतो. परीक्षकाला शंका आली तरी तो विचारत नाही.

यात नुकसान कुणाचे होते? इंग्रजीत वाचू शकणाऱ्यांचे होत नाही. ते मूळ पुस्तक उघडतात. नुकसान होते ते मुरबाड, शहापूरकडून येणाऱ्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात पोचलेल्या मुलीचे. तिने 'बलुतं' वाचलेले असते आणि ते तिला आतपर्यंत कळलेले असते. दया पवारांनी १९७८ मध्ये ते अशा मराठीत लिहिले की दाराबाहेर ठेवलेल्या माणसालाही ते आपले वाटावे. मग तिला 'बलुतं'वरचा समीक्षालेख अभ्यासाला लागतो आणि त्यातले तिला काही म्हणजे काही कळत नाही. ती असे म्हणत नाही की लेखकाला लिहिता आलेले नाही. ती म्हणते, मला डोके नाही. वर्गातला हा चेहरा मी पुष्कळदा पाहिला आहे. खाली घातलेली मान, वहीत उतरवून घेतलेली व्याख्या, आणि पाठांतर. एकदा पाठांतर सुरू झाले की विचार थांबला. जे लेखन सत्ता कशी चालते हे उघड करायला निघाले, तेच असे एखाद्याला गप्प बसवायला वापरले जावे, हे मला सर्वांत जास्त लागते.

आणि म्हणूनच मला महानुभावांची आठवण होते. तेराव्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. केशोबास हे संस्कृतचे मोठे पंडित. चक्रधरस्वामींनंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे होती. केशोबासांना संस्कृतात ग्रंथरचना करायची होती. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले; माझ्या म्हाताऱ्या बायका त्यामुळे वंचित राहतील, असे त्यांचे कारण होते. स्मृतिस्थळात हा प्रसंग आहे. एका विद्वानाला तुझा वाचक कोण, याची ही मराठीतली फार जुनी आठवण.

केशोबासांनी पुढे काय केले ते अधिक महत्त्वाचे. त्यांनी चक्रधरांच्या वचनांचा सूत्रपाठ सिद्ध केला. सूत्रे अगदी आखूड, घट्ट, टीकेशिवाय न उलगडणारी. म्हणजे अवघड परिभाषा त्यांनीही टाकली नाही. पण त्याच माणसाने दृष्टान्तपाठही सिद्ध केला. आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट त्यात आहे. एका हातात सूत्र, दुसऱ्या हातात दृष्टान्त. सूत्र लक्षात ठेवायला, दृष्टान्त समजायला.

पुढे चौदाव्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली आणि ते कित्येक शतके बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी उलगडली. आमच्या ठाण्याचे वि. ल. भावे यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'त या वाङ्मयाला जागा दिली. १८९३ मध्ये ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय उभे करणाऱ्यांतले हेच ते भावे. कुलूप निघाल्यावर आत काय सापडले? साधे, बोलके, बायाबापड्यांना कळेल असे मराठी गद्य. तिथे लिपी गुप्त होती आणि भाषा उघडी. आज आपली लिपी बालबोध आहे आणि भाषा गुप्त. या कुलपाला कुठला राजवाडे किल्ली शोधणार?

फ्रेंच विचारातले दृष्टान्त फ्रेंच होते. तिथली कुस्ती, तिथला तुरुंग, तिथले जेवण. ते तिथेच राहिले आणि आपल्याकडे नुसती सूत्रे आली. दृष्टान्त आयात करता येत नाहीत, ते आपल्या हजेरीपटातून, एसटीच्या पाटीतून, सातबाऱ्यातून शोधावे लागतात. ते काम कष्टाचे आहे, आणि ज्याला सूत्र खरोखर कळले आहे त्यालाच ते जमते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी महानुभावांच्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. जागा फार चांगली निवडली आहे. तिथे शोधनिबंध लिहिले जातील, नवी परिभाषा घडेल, घडायलाच हवी. माझे मागणे एवढेच आहे की प्रत्येक निबंध छापायला जाण्यापूर्वी तो नागदेवाचार्यांच्या त्या म्हाताऱ्या बायकांपैकी एकीला वाचून दाखवावा, आणि तिने "म्हणजे काय रे बाबा?" असे विचारले तर रागावू नये. आता मीही त्याच वयाची आहे. बोलावले तर ऐकायला जाईन.